परीक्षेचं ‘स्टँड-टू’ : मेडिकलच्या मुलांचं शरीर काय सोसतं

वेस्ट मांबलमहून तुमचा कर्नल काका बोलतोय. बाहेर आर्य गौडा रोडवर अयोध्या मंडपात भजन चालू आहे, तेव्हा मागे आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. नांदेड, बेळगाव, इंदूर, बडोदा, कुठून कुठून एकच प्रश्न येतो. मुलगा किंवा मुलगी एमबीबीएसला आहे. परीक्षा जवळ आली की पोट बिघडतं, तोंड येतं, छातीत धडधडतं, झोप उडते. तपासण्या केल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, “अभ्यास झालेला नसेल, म्हणून ही नाटकं.” हे नाटक आहे का, असा तो प्रश्न.

नाही. या प्रत्येक तक्रारीमागे शरीरात खरोखर काहीतरी घडत असतं. काय घडतं ते मोजता येतं, आणि लोकांनी ते मेडिकलच्याच मुलांवर मोजलेलं आहे. रिपोर्ट नॉर्मल येणं याचा अर्थ एवढाच की तपासलेला अवयव शाबूत आहे. त्याला हुकूम कोण आणि किती वेळा देतंय, ते त्या रिपोर्टात दिसत नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. बी.एस्सी. करून फौजेत गेलो, मूळचा सातारा जिल्ह्यातला, ट्रेनिंग इथेच सेंट थॉमस माउंटच्या ॲकॅडमीत झालं आणि निवृत्तीनंतर याच शहरात स्थिरावलो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या गेली अकरा वर्षं मेडिकलच्या मुलींना भाड्याने दिलेल्या आहेत. मांबलमहून बीचच्या दिशेने लोकल पकडली की पाचवं स्टेशन पार्क, तिथे मद्रास मेडिकल कॉलेज, १८३५ सालचं. अलीकडे चेटपेटला उतरलं की किलपॉकचं कॉलेज जवळ. त्यामुळे या भागात मेडिकलची मुलं पुष्कळ. कोण कुठल्या कॉलेजची ते सांगणार नाही, पण अकरा वर्षांत परीक्षेचे बरेच मोसम या जिन्यावरून चढता-उतरताना पाहिले. पुस्तकंही त्यांच्याचकडून मागून वाचली. तमिळ मुली मला मामा म्हणतात, इथली ती रीतच आहे. मराठीत मामा बनवणं म्हणजे काय ते त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. फौजेत ‘स्टँड-टू’ नावाचा एक प्रकार असतो. पहाटे आणि सांजेला, उजेड-अंधाराच्या सीमेवर, हल्ला होण्याची शक्यता जास्त. त्या वेळी मोर्चावरचा प्रत्येक जण हत्यार घेऊन आपल्या जागेवर तयार. बोलणं बंद, चहा बंद. धोक्याची वेळ टळली की ‘स्टँड-डाउन’चा हुकूम येतो. मग दाढी, चहा, झोप, हत्यारांची साफसफाई. आता समजा एखाद्या पलटणीला स्टँड-टू मिळाला आणि स्टँड-डाउन सहा आठवडे आलाच नाही, तर काय होईल? शत्रूने एक गोळी न झाडता ती पलटण आजारी पडेल. परीक्षेच्या काळात शरीराचं नेमकं हेच होतं.

शरीराचं स्टँड-टू दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा सेकंदांचा. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ॲड्रिनल ग्रंथी असतात. मेंदूकडून मज्जातंतूंतून निरोप येतो आणि त्या ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धावतं, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. रक्त कातडीकडून आणि आतड्यांकडून काढून स्नायूंकडे वळवलं जातं, म्हणून हात गार पडतात. लाळ आटते, तळहात घामेजतात. दुसरा टप्पा मिनिटांचा. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी त्याच ॲड्रिनल ग्रंथींच्या बाहेरच्या थराला सांगते, आणि तिथून कॉर्टिसॉल सुटतं. हे म्हणजे रसदीचं दल. लढाई लांबली तर इंधन पुरलं पाहिजे, म्हणून ते साखर चढती ठेवतं आणि तातडीची नसलेली कामं मागे ढकलतं. जखमा भरणं, पचन, पुनरुत्पादन, काही प्रमाणात रोगप्रतिकार, हे सगळं ‘नंतर बघू’च्या फायलीत जातं. गंमत म्हणजे निरोगी माणसात कॉर्टिसॉल रोज पहाटे उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. फौजेने पहाटेचं स्टँड-टू उगाच ठरवलेलं नाही असं म्हणायचा मोह होतो, पण तो योगायोग असावा.

हे सगळं शोधून काढणाऱ्यांपैकी एक मोठं नाव वॉल्टर कॅनन. १८९६ साली हा हार्वर्डमध्ये मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होता. नुकत्याच निघालेल्या क्ष-किरणांखाली तो प्राण्यांचं पचन बघत होता. मांजर शांत असलं की पोटाच्या लाटा दिसायच्या. ते बिथरलं की लाटा थांबायच्या. पुढे प्राध्यापक झाल्यावर १९१५ साली त्याने या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात मेडिकलच्या नऊ विद्यार्थ्यांची लघवी तपासल्याची हकीकत आहे. एरवी या नऊही जणांच्या लघवीत साखर नसायची. अवघड परीक्षेनंतर चौघांच्या लघवीत साखर सापडली. सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच. मधुमेह कुणालाच नव्हता. त्याच पुस्तकात हार्वर्डच्या फुटबॉल संघाचीही गोष्ट आहे. १९१३ च्या अटीतटीच्या सामन्यानंतर पंचवीस खेळाडूंपैकी बारा जणांत साखर निघाली, आणि त्यांतले पाच राखीव होते, मैदानात उतरलेच नव्हते! नुसते बाकावर बसून त्यांनी यकृत रिकामं केलं. परीक्षेचा विद्यार्थी म्हणजे हा राखीव खेळाडू. शरीराने पळण्याची सगळी तयारी केलेली असते आणि पळायचं कुठेच नसतं, तीन तास खुर्चीवर बसून लिहायचं असतं.

आता पोटाचं बघा. हे मी जरा सविस्तर सांगणार, कारण घरोघरी सगळ्यांत जास्त थट्टा याचीच होते. ताणात जठर संथ होतं, म्हणून सकाळी घास उतरत नाही, मळमळतं. पण मोठं आतडं उलट जोरात चालायला लागतं, म्हणून पेपरच्या सकाळी तीन-तीनदा पळावं लागतं. वर बंद, खाली चालू, असा विचित्र कारभार एकाच हुकुमावर होतो. यात भित्रेपणाचा प्रश्नच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना लढाईत काय काय होतं ते विचारून लिहून घेतलं होतं. छातीत जोरदार धडधड सगळ्यांत जास्त जणांनी सांगितली, पोटात खड्डा पडणं त्याच्या जवळपास, आणि कपडे खराब झाल्याचं कबूल करणारेही होते. ती लढाऊ माणसं होती. फायरिंगची स्पर्धा असली की आमच्या पलटणीतले उत्तम नेमबाजही सकाळी संडासाच्या रांगेत दोनदा दिसायचे. त्यांना कुणी हसत नसे.

वरच्या मजल्यावर एक लातूरची मुलगी होती. अखिल भारतीय कोट्याच्या पंधरा टक्क्यांतून इथे आलेली, अतिशय हुशार. तिचं शेवटचं वर्ष. मेडिकलला लेखी परीक्षेपेक्षा प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेची धास्ती मोठी. ‘लाँग केस’ म्हणजे एक पेशंट देतात. साधारण तासाभरात त्याची सगळी माहिती विचारायची, तपासायचं, निदान मांडायचं आणि मग परीक्षक प्रश्नांची फैर झाडतात. इथला पेशंट बोलणार तमिळ. लातूरच्या पोरीने चार वर्षांत तमिळ शिकून घेतलं होतं, पण तिरुनेलवेलीकडचा म्हातारा छातीत दुखण्याचं त्याच्या बोलीत सांगायला लागला की हिची गाळण. परीक्षेच्या आदल्या रात्री ती खाली आली. बोटं वाकडी होऊन ताठरलेली, ओठांभोवती मुंग्या, डोळ्यांत पाणी. “काका, मला कॅल्शियमची कमतरता आहे, नाहीतर काहीतरी न्यूरोचं आहे.” तीन आजारांची नावं तिने एका दमात घेतली.

मेडिकलच्या मुलांचं हे वेगळंच दुखणं. तुमच्या-माझ्या छातीत धडधडलं तर आपण पाणी पितो. त्यांच्यापुढे पुस्तकाचं पान उघडतं. वाचलेला प्रत्येक आजार आपल्यालाच झालाय असं वाटणं त्यांच्यात इतकं नेहमीचं आहे की त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात.

तिचं झालं होतं ते असं. घाबरल्यामुळे ती तासभर भराभर, वरवर श्वास घेत होती. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम तात्पुरतं कमी होतं आणि नसा चाळवतात. म्हणून मुंग्या, म्हणून बोटं वळणं. म्हणजे कॅल्शियमचा तिचा अंदाज अर्धा बरोबरच होता. आमच्याच गल्लीत राहणारे निवृत्त डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि तिला सावकाश श्वास सोडायला बसवलं. चार मोजेपर्यंत आत, सहा-सात मोजेपर्यंत बाहेर. वीस मिनिटांत बोटं सरळ. पूर्वी कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावत. ते आता करू नका. धाप खऱ्या हृदयविकाराची किंवा दम्याची असली तर पिशवी घातक ठरते.

हा झाला एका रात्रीचा प्रकार. मला जास्त काळजी सहा आठवड्यांच्या स्टँड-टूची वाटते. त्याबद्दल सगळ्यांत चांगलं काम अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात झालं. जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि रोनाल्ड ग्लेसर या नवरा-बायकोने वर्षानुवर्षं मेडिकलच्या मुलांचं रक्त काढलं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात पहिल्या वर्षाची पंच्याहत्तर मुलं होती. एकदा रक्त घेतलं परीक्षेच्या महिनाभर आधी, दुसऱ्यांदा परीक्षेच्या पहिल्या दिवशी. विषाणूची लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची ताकद दुसऱ्या वेळी घटलेली होती. आणि ज्या मुलांना एकटं वाटत होतं, त्यांच्यात ती आणखी कमी होती. लातूरहून चेन्नईला आलेल्या, जेवणाच्या टेबलावर भाषा न कळणाऱ्या पोरीच्या बापाने हे वाक्य पुन्हा वाचावं.

पुढे १९९२ साली त्यांनी अठ्ठेचाळीस विद्यार्थ्यांना हिपॅटायटिस बीची लस मुद्दाम परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी दिली. ज्यांच्यावर ताण कमी होता त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं लवकर तयार झाली. जास्त ताणातली मुलं मागे पडली. लस तीच, डोस तोच.

माझा सगळ्यांत आवडता प्रयोग मात्र १९९८ चा. डेंटलची अकरा मुलं. टाळूला साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुटीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. रोज मोजत बसले. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे चाळीस टक्के उशीर. अकरापैकी एकाचीही जखम सुटीतल्याइतक्या लवकर भरली नाही. एकाचीही नाही! परीक्षेत तोंड आलं की पंधरा-पंधरा दिवस जात का नाही, याचं उत्तर शोधताना मला हा प्रयोग आठवतो. आपण ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंद देतो. द्यावा, बिघडत काही नाही. पण रात्री दोनला दिवा बंद करायला लावला तर त्याचा उपयोग जास्त होईल.

मुलींच्या पाळीबद्दलही स्पष्ट बोलतो, वडील माणसांनी कानावर हात ठेवू नयेत. ताण, अपुरी झोप आणि अर्धपोटी राहणं यांमुळे मेंदूकडून बीजकोशाकडे जाणारे हुकूम मंदावतात, अंडं उशिरा सुटतं आणि पाळी लांबते. परीक्षा संपल्यावर बहुतेकदा आपोआप जागेवर येते. तीन महिने आलीच नाही तर डॉक्टरकडे जायचं, एवढं लक्षात ठेवा.

झोपेचं गणित आमच्या मांबलममध्ये फिल्टर कॉफीने बिघडतं. कॉफीतलं कॅफीन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं पहाटे तीनला अजून रक्तात फिरत असतं. आणि दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं. त्यात कॉर्टिसॉल चढलेलं असलं की आठवणींची फाईल बाहेर काढणंच अवघड होतं; तोंडी परीक्षेत ‘येतं पण आठवत नाही’ हे म्हणून खरं असतं. तेव्हा जागून वाचलेलं पान हे बऱ्याचदा न वाचल्यासारखंच. हे मुलांना माहीत नसतं असं नाही. परीक्षेत लिहितातही. पण स्वतःला लावत नाहीत.

मेडिकलच्या मुलांत आणखी एक धोका असतो, तो म्हणजे औषधं हाताशी असणं. धडधड थांबवायला प्रोप्रॅनोलॉल, झोपेची गोळी, जागं राहण्याची गोळी, ॲसिडिटीची कॅप्सूल. सीनिअर देतो, ज्युनिअर घेतो. प्रोप्रॅनोलॉलने दम्याच्या माणसाचा श्वास अडकू शकतो. हे औषधशास्त्राच्या पेपरात विचारतात आणि होस्टेलमध्ये विसरतात. स्वतःवर इलाज करायचा नाही, शेजारच्या खोलीतल्यावरही नाही.

यावर उपाय काय, तर स्टँड-डाउन. तो रोज आला पाहिजे, परीक्षा संपल्यावर एकदम नव्हे. आपल्याकडचं एक काम सांगतो. मुंबईला सायनच्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र विभागाने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या पन्नास विद्यार्थ्यांवर योगाभ्यासाचा परिणाम पाहिला. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शिथिलीकरणाच्या सरावाने एरवीची चिंता कमी झालीच, शिवाय परीक्षेच्या दिवशी ती जेवढी चढायची तेवढी चढली नाही, आणि योग करणाऱ्या गटात नापासांची संख्याही कमी निघाली. पन्नास ही संख्या लहान आहे, मान्य. पण यात खर्च शून्य आणि सतरंजी एक.

आमच्या घरी परीक्षेच्या महिन्यात काही गोष्टी ठरलेल्या असतात. संध्याकाळी सहानंतर कॉफी मिळत नाही. रात्रीचं जेवण साडेआठला खाली, सगळ्यांनी एकत्र, पुस्तक वर ठेवून. ताक-भात, म्हणजे इथला तयिर सादम, आणि एखादी पोरियल. जेवल्यावर लेक व्ह्यू रोडपर्यंत पाऊण तास चालणं. वाया गेलेला वेळ म्हणून सुरुवातीला कुरकुर होते. मी सांगतो, यकृताने साखर ओतली आहे, ती कुठेतरी वापरा. तोंडी परीक्षेची तालीम मात्र कडक घेतो. मी परीक्षक, डोळे वटारून. मला उत्तर कळत नाही, पण त्यांना घाम फुटतो. तोच उपयोग. रेंजवर जाण्याआधी रिकाम्या बंदुकीने शंभरदा ट्रिगर दाबायला लावतात, तसं. आणि आईवडिलांना माझी विनंती : रात्री दहाला फोन करून “किती झालं?” विचारू नका. “जेवलीस का?” एवढंच विचारा आणि ठेवा.

आता गंभीर गोष्ट. सगळंच ताणावर ढकलायचं नाही. श्रम करताना छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, आठवड्याहून जास्त ताप, यांपैकी काही असेल तर परीक्षा बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. आणि मूल गप्प गप्प झालं, जेवण सोडलं, ‘मी नसलेलंच बरं’ अशा अर्थाचं काही बोललं, तर ते शब्दशः घ्यायचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. ऑनलाइन प्रश्नावली पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी भरली. त्यांतल्या २७.८ टक्क्यांनी मानसिक आजार असल्याचं सांगितलं, आणि १६.२ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. अशी प्रश्नावली त्रासातली मुलं जास्त भरतात असं धरलं तरी हा आकडा मला झोपू देत नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन चोवीस तास चालते, नंबर १४४१६, फोन फुकट, आणि आपल्या भाषेतही बोलता येतं. हा नंबर मुलांच्या फोनमध्ये आजच घाला. कुणी मेडिकलला असो वा नसो.

एक प्रश्न राहिला, तो बऱ्याच मुलींचा आहे. परीक्षा केव्हाच संपली, निकालही लागला, आणि आता अचानक मूठ-मूठ केस गळतात. थायरॉइड असेल का? असू शकतो, तपासून घ्या, हिमोग्लोबिनही बघा. पण ताणाचा धक्का बसला की बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे मार्चच्या परीक्षेचे केस मे-जूनमध्ये फणीत येतात. मुळं शाबूत असतात. तेल बदलून, शँपू बदलून फरक पडत नाही. पोटभर जेवा, झोपा, सहा महिने धीर धरा. केस परत येतात. आमच्या लातूरच्या पोरीचेही आले.